घरकुलाचा मानक खर्च आणि शासकीय अनुदान : एक ऐतिहासिक विवेचन (१९२० ते २०२५)

प्रास्ताविक

दुर्बल घटकांच्या घरांसाठी शासन निधी देऊ लागते तेव्हा दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात. एका घराचा किती खर्च ग्राह्य धरायचा आणि त्यातील किती वाटा शासनाने उचलायचा, हे ते दोन प्रश्न होत. पहिल्याच्या उत्तरास प्रशासकीय परिभाषेत मानक खर्च, एकक खर्च किंवा खर्चमर्यादा असे म्हटले जाते. दुसऱ्याचे उत्तर म्हणजे अनुदान. भारतातील सामाजिक गृहनिर्माणाच्या अभ्यासात योजनांची नावे, उद्दिष्टे, लाभार्थी निवड आणि गैरव्यवहार यांची चर्चा विपुल प्रमाणात आढळते. मानक खर्चाचा आकडा कसा ठरला, तो कोणत्या काळात बदलला आणि तो अपुरा पडला तेव्हा उरलेला भार कोणी वाहिला, या प्रश्नांकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले गेले आहे.

प्रस्तुत लेखात मुंबईतील विकास खात्याच्या चाळींपासून प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) पर्यंतच्या वाटचालीचा या दृष्टीने आढावा घेतला आहे. विवेचनाचा मुख्य भर ग्रामीण घरकुल योजनांवर आहे. १९५२ च्या औद्योगिक गृहनिर्माण योजनेत मानक खर्च हा बांधणाऱ्या संस्थेवरील निर्बंध होता आणि अनुदान हा त्या खर्चाचा टक्केवारीने ठरलेला हिस्सा होता. १९८५ नंतरच्या घरकुल योजनांत मानक खर्च आणि अनुदान या दोन्ही संकल्पना एकाच ठोक रकमेत विलीन झाल्या. या बदलामुळे भाववाढीची जोखीम शासनाकडून लाभार्थी कुटुंबाकडे सरकली, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. खर्चाची जोखीम : दोन पद्धती

सार्वजनिक निधीतून घरे बांधताना खर्चाची जोखीम कोणी घ्यावी, हा प्रश्न पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये प्रथम ठळकपणे पुढे आला. १९१९ च्या अ‍ॅडिसन कायद्याने स्थानिक संस्थांचा बोजा पौंडामागे एक पेनी एवढ्या कराच्या उत्पन्नापुरता मर्यादित केला आणि त्यापुढील संपूर्ण तूट राष्ट्रीय तिजोरीवर टाकली. बांधकामाचे दर भडकले आणि १९२१ मध्ये हा कार्यक्रम आखडता घ्यावा लागला. १९२३ च्या चेंबरलेन कायद्याने याच्या नेमकी उलट पद्धत स्वीकारली. प्रत्येक घरामागे वर्षाला ६ पौंड, २० वर्षे, एवढेच अनुदान देण्याचे ठरले. पुढच्याच वर्षी व्हीटली कायद्याने ही रक्कम ९ पौंड आणि मुदत ४० वर्षे केली. पहिल्या पद्धतीत खर्च वाढला तर केंद्र शासन अडचणीत येई, दुसऱ्या पद्धतीत स्थानिक संस्था किंवा भाडेकरू. १९६७ मध्ये तेथे घरांच्या खर्चाचा तपशीलवार मापदंड लागू झाला. तो वाढत्या निविदा दरांच्या मागे पडू लागला तेव्हा घराच्या दर्जात काटछाट होऊ लागली. अखेर १९८१ मध्ये तो मापदंड रद्द झाला.

याच काळात मुंबईत गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये विकास खाते स्थापन झाले. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प होता. निधी उभारणीसाठी कर्ज काढले गेले आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया नगरशुल्क बसविण्यात आले. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांत सुमारे १६,००० खोल्या होत्या आणि एका खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौ. फूट होते. युद्धोत्तर महागाईत बांधलेल्या या खोल्यांचा खर्च एवढा झाला की तो भरून निघेल असे भाडे गिरणी कामगाराला परवडणे शक्य नव्हते. भाडे खर्चाच्या खाली आणावे लागले, तरीही १९२० च्या दशकात अनेक खोल्या रिकाम्या राहिल्या. घराचा खर्च आणि राहणाऱ्याची ऐपत यांतील अंतर कोणी भरायचे याचे उत्तर आधी ठरले नसेल तर काय होते, याचे हे मुंबईतील पहिले मोठे उदाहरण म्हणता येईल.

२. टक्केवारीचे अनुदान : १९५२ ची औद्योगिक गृहनिर्माण योजना

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४८ च्या कायद्यान्वये गृहनिर्माण मंडळ स्थापन केले. केंद्र शासनाने सप्टेंबर १९५२ मध्ये अनुदानित औद्योगिक गृहनिर्माण योजना सुरू केली. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळातील ही सामाजिक गृहनिर्माणाची प्रमुख केंद्रीय योजना होय. राज्य शासनाने बांधलेल्या घरांच्या ग्राह्य खर्चापैकी ५० टक्के रक्कम केंद्राकडून अनुदान म्हणून आणि उर्वरित कर्ज म्हणून मिळे. कारखानदार आणि कामगारांच्या सहकारी संस्था यांच्यासाठी अनुदानाचे प्रमाण २५ टक्के होते. गाळ्याचा प्रकार, इमारतीचे मजले आणि शहर यांनुसार खर्चमर्यादा वेगवेगळ्या होत्या. मुंबई आणि कलकत्ता येथील बहुमजली इमारतींसाठी अधिक खर्च ग्राह्य धरला जाई.

या रचनेची दोन वैशिष्ट्ये लक्षात घेण्याजोगी आहेत. खर्चमर्यादा वाढविली की अनुदानाची रक्कम आपोआप वाढत असे, कारण अनुदान हा टक्केवारीचा भाग होता. तसेच मर्यादेपलीकडचा खर्च कामगारावर न पडता बांधणाऱ्या संस्थेवर पडत असे. कामगार हा भाडेकरू होता आणि त्याने द्यावयाचे भाडे ठरलेले होते. मर्यादा अपुरी पडल्याचा परिणाम त्यामुळे घरे कमी बांधली जाण्यात दिसे. कारखानदार आणि सहकारी संस्था यांचा या योजनेला मिळालेला प्रतिसाद अल्प राहिला आणि बहुतेक भार राज्यांच्या मंडळांनीच उचलला.

पुढे अल्प उत्पन्न गटासाठीची कर्ज योजना (१९५४), झोपडपट्टी निर्मूलन योजना (१९५६) आणि ग्राम गृहनिर्माण प्रकल्प योजना (१९५७) आल्या. शेवटची योजना प्रामुख्याने कर्जाची होती. तारण देऊ न शकणाऱ्या भूमिहीन कुटुंबाला तिचा उपयोग जवळपास नव्हता. १९७१ मध्ये भूमिहीन मजुरांना घरासाठी जागा देण्याची योजना सुरू झाली आणि पाचव्या पंचवार्षिक योजनेत तिचा समावेश किमान गरजा कार्यक्रमात झाला. तोपर्यंत ग्रामीण गरिबाच्या घरासाठी शासनाकडून मिळणारी प्रमुख गोष्ट जमिनीचा तुकडा हीच होती.

३. रोजगार कार्यक्रमातून जन्मलेले घरकुल

ग्रामीण घरकुलाच्या अनुदानाचा उगम गृहनिर्माण खात्यात नाही. १९८३ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण भूमिहीन रोजगार हमी कार्यक्रमाच्या निधीतून १९८५-८६ मध्ये अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि मुक्त वेठबिगार यांच्या घरांसाठी रक्कम राखून ठेवण्यात आली. इंदिरा आवास योजना ती हीच. १९८९ मध्ये ती जवाहर रोजगार योजनेचा भाग झाली. १९९३-९४ मध्ये दारिद्र्यरेषेखालील इतर कुटुंबांनाही तिचा लाभ खुला झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून ती स्वतंत्र योजना म्हणून राबविली जाऊ लागली.

या उगमाचा मानक खर्चाच्या स्वरूपावर खोल परिणाम झाला. रोजगार कार्यक्रमात घर हे मजुरीतून निर्माण होणाऱ्या मत्तांपैकी एक होते. विहीर, रस्ता, बंधारा तसेच घर. उपलब्ध निधीतून किती कुटुंबांपर्यंत पोहोचता येईल हा तेथील पहिला विचार होता. घर बांधायला किती पैसे लागतात हा विचार त्यानंतर येत असे. योजना स्वतंत्र झाल्यावरही ही दृष्टी कायम राहिली. मार्गदर्शक तत्त्वांनी ठेकेदाराला मज्जाव केला, कुटुंबाने स्वतः घर बांधावे असे सांगितले, विशिष्ट नमुन्याची सक्ती केली नाही आणि घर स्त्रीच्या किंवा पतिपत्नीच्या संयुक्त नावावर करण्यास प्राधान्य दिले. या सर्व तरतुदी स्वागतार्ह होत्या. त्यांचा एक परिणाम मात्र फारसा चर्चिला गेला नाही. लाभार्थीच आता बांधणारी संस्था झाला. १९५२ च्या योजनेत मर्यादेपलीकडचा जो खर्च मंडळावर पडे, तो आता कुटुंबावर पडू लागला.

४. अनुदानाच्या आकड्यांचा प्रवास

सपाट प्रदेशातील एका घरकुलासाठी ठरलेले अनुदान आणि घराचे किमान क्षेत्रफळ एकत्र ठेवल्यास पुढील चित्र दिसते. डोंगराळ व दुर्गम भागांसाठीची रक्कम प्रत्येक टप्प्यावर थोडी अधिक होती.

तक्ता क्र. १ : प्रति घरकुल अनुदान (सपाट प्रदेश)

| लागू होण्याचा काळ | अनुदान (रु.) | क्षेत्रफळ (चौ. मी.) | प्रति चौ. मी. (रु.) |
|---|---|---|---|
| २००४ पूर्वी | २०,००० | २० | १,००० |
| एप्रिल २००४ | २५,००० | २० | १,२५० |
| एप्रिल २००८ | ३५,००० | २० | १,७५० |
| एप्रिल २०१० | ४५,००० | २० | २,२५० |
| एप्रिल २०१३ | ७०,००० | २० | ३,५०० |
| २०१६-१७ | १,२०,००० | २५ | ४,८०० |

या तक्त्यातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, वाढ सलग नाही. ती दोन, तीन किंवा चार वर्षांच्या अंतराने पायऱ्यापायऱ्यांनी झाली आहे. दोन पायऱ्यांच्या मधल्या काळात सिमेंट, लोखंड, वाळू आणि गवंड्याची मजुरी वाढतच राहते, त्यामुळे एकाच आकड्याखाली घर मंजूर झालेल्या कुटुंबांपैकी शेवटच्या वर्षातील कुटुंबाला पहिल्या वर्षातील कुटुंबापेक्षा प्रत्यक्षात कमी साहाय्य मिळते. दोन, रकमेतील वाढ आणि क्षेत्रफळाच्या प्रमाणातील वाढ यांत तफावत आहे. २०१६ मध्ये अनुदान ७०,००० वरून १,२०,००० रुपये झाले, म्हणजे सुमारे ७१ टक्के वाढले. किमान क्षेत्रफळही २० वरून २५ चौ. मी. झाल्याने प्रति चौ. मी. वाढ सुमारे ३७ टक्केच भरते. तीन, प्रत्येक वाढ केंद्रीय निर्णयाने झाली. ती एखाद्या निर्देशांकाशी किंवा दरसूचीशी जोडलेली नव्हती.

यातील तिसरा मुद्दा प्रशासकीय दृष्ट्या महत्त्वाचा आहे. एखाद्या गावात अंगणवाडीची इमारत किंवा शाळेची खोली बांधायची असेल तर अभियंता सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीनुसार अंदाजपत्रक तयार करतो. खोदाई, पाया, वीटकाम, स्लॅब, गिलावा अशा प्रत्येक बाबीला चालू दर लावला जातो आणि दर सुधारले की अंदाजपत्रकही सुधारते. त्याच गावातील घरकुलास मात्र हा हिशेब लागू होत नाही. शासन स्वतः बांधते तेव्हा खर्च मोजते आणि गरीब कुटुंब बांधते तेव्हा रक्कम वाटते, हा भेद घरकुल योजनांच्या रचनेतच अंतर्भूत आहे.

संख्यात्मक उद्दिष्टांनी हा भेद अधिक दृढ केला. भारत निर्माण कार्यक्रमात २००५ ते २००९ या काळात ६० लाख ग्रामीण घरांचे उद्दिष्ट होते आणि ७१ लाखांहून अधिक घरे झाल्याची नोंद आहे. पुढील पाच वर्षांसाठी उद्दिष्ट दुप्पट, म्हणजे १.२० कोटी करण्यात आले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २००८ ते २०१३ या काळातील अंमलबजावणीचे लेखापरीक्षण करून २०१४ मध्ये जो अहवाल सादर केला त्यात अपात्र लाभार्थी, अपूर्ण घरे, शौचालय व निर्धूर चुलीचा अभाव आणि बांधकामाच्या दर्जाकडे दुर्लक्ष या बाबी नोंदविल्या आहेत. अपूर्ण घरांचा दोष सामान्यतः लाभार्थीच्या उदासीनतेला किंवा स्थानिक यंत्रणेला दिला जातो. जोते झाले, भिंती छतापर्यंत आल्या आणि तेथेच काम थांबले, अशा घराचा विचार करताना अनुदानाची रक्कम बांधकामाच्या कोणत्या पातळीपर्यंत पुरते हेही पाहिले पाहिजे. २००८ पासून ४ टक्के व्याजाने २०,००० रुपयांपर्यंत कर्जाची सोय होती. तारण नसलेल्या कुटुंबाला बँकेच्या दारात तिचा लाभ क्वचितच मिळाला. उरलेली वाट सावकार, नातेवाईक, मुकादमाची उचल किंवा घरातील दागिना हीच होती.

५. एक घर, दोन मापे

२० नोव्हेंबर २०१६ रोजी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) चा औपचारिक प्रारंभ झाला. योजना त्या वर्षीच्या एप्रिलपासून लागू करण्यात आली. सपाट प्रदेशात १,२०,००० आणि डोंगराळ, दुर्गम व नक्षलप्रभावित जिल्ह्यांत १,३०,००० रुपये असे अनुदान ठरले. केंद्र आणि राज्य यांचा हिस्सा ७५:२५ ऐवजी ६०:४० झाला. शौचालयासाठी स्वच्छ भारत अभियानातून १२,००० रुपये आणि अकुशल कामासाठी महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेतून ९० दिवसांची मजुरी (डोंगराळ भागात ९५ दिवस) यांची जोड देण्यात आली. बांधकामाच्या टप्प्यांची छायाचित्रे घेऊन हप्ता थेट खात्यात जमा करण्याच्या पद्धतीमुळे मध्यस्थांना बराच आळा बसला, हे मान्य करावे लागेल.

मानक खर्चाच्या दृष्टीने या रचनेत एक उद्बोधक विसंगती आढळते. रोजगार हमीची मजुरी दरवर्षी शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या आधारे सुधारली जात होती. महाराष्ट्रात हा दर २०१६-१७ मध्ये १९२ रुपये होता. २०२४-२५ मध्ये तो २९७ रुपये झाला. याचा अर्थ ९० दिवसांची मजुरी १७,२८० रुपयांवरून २६,७३० रुपयांवर गेली. याच काळात घरकुलाचे मूळ अनुदान १,२०,००० रुपयांवर स्थिर राहिले. ते मजुरीच्या दराप्रमाणे वाढले असते तर २०२४-२५ मध्ये १,८५,६२५ रुपये झाले असते. एकाच घराच्या खर्चाचा एक भाग निर्देशांकाने हलत होता आणि मोठा भाग जागीच थांबला होता. निर्देशांकाधारित पद्धत प्रशासनाला अशक्य नाही, याचा पुरावा अशा प्रकारे योजनेच्या पोटातच होता.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२९ पर्यंत आणखी दोन कोटी घरांना मंजुरी दिली, त्या वेळीही अनुदानाची रक्कम पूर्वीचीच ठेवण्यात आली. राज्यांनी आपापल्या परीने हे अंतर भरण्याचा प्रयत्न केला आहे. केरळच्या लाइफ मिशनमध्ये प्रति घर ४ लाख रुपये धरले गेले. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये राज्य निधीतून ५०,००० रुपयांची वाढ मंजूर केली. त्यातील ३५,००० रुपये बांधकामासाठी आणि १५,००० रुपये सौरऊर्जा यंत्रणेसाठी आहेत. प्रत्यक्ष बांधकामासाठीची रक्कम त्यामुळे १,५५,००० रुपये होते. वर काढलेल्या १,८५,६२५ रुपयांशी तिची तुलना केली असता अंतर कमी झाले, मिटले नाही, असे म्हणावे लागते. शिवाय राज्याच्या तिजोरीवर अवलंबून असलेली पूरक रक्कम राज्याराज्यांत विषमता निर्माण करते. घर एकाच केंद्रीय योजनेचे, पण त्याचे मोल कुटुंब कोणत्या राज्यात राहते यावर ठरते.

६. जागा आणि भूगोल : आकड्याबाहेरचा खर्च

घरकुलाच्या मानक खर्चात जमिनीची किंमत धरली गेली नाही. गावठाणात जागा नसलेली, गायरानावर किंवा दुसऱ्याच्या शेतावर राहणारी कुटुंबे यादीत नाव असूनही घर बांधू शकत नाहीत. इंदिरा आवास योजनेत २००९ पासून जागा खरेदीसाठी १०,००० रुपये आणि २०१३ पासून २०,००० रुपये देण्याची तरतूद झाली. महाराष्ट्रात पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजनेने ५०० चौ. फुटांपर्यंतच्या जागेसाठी ५०,००० रुपये आणि २०२४ पासून एक लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याचे ठरविले. जागेसाठीची मर्यादा घरापेक्षा अधिक वेगाने वाढवावी लागली, ही बाब ग्रामीण जमिनीच्या दरांविषयी बरेच सांगून जाते.

भूगोलाचाही विचार आवश्यक आहे. कोकणातील चिऱ्याचे उतरत्या छपराचे घर, मराठवाड्यातील धाब्याचे घर आणि विदर्भातील कवेलूंचे घर ही हवामान आणि स्थानिक साहित्य यांतून घडलेली रूपे आहेत. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने प्रदेशनिहाय घरांच्या नमुन्यांचा संग्रहही प्रसिद्ध केला. नमुने अनेक असले तरी अनुदानाचे वर्ग मात्र सपाट आणि डोंगराळ असे दोनच राहिले. साहित्य वाहून नेण्याचे अंतर, पाण्याची उपलब्धता, वाळूचे स्थानिक दर आणि पावसाळ्याची लांबी यांतील फरक या दोन वर्गांत सामावत नाहीत.

७. ठोक अनुदानाची दुसरी बाजू

ठोक अनुदानाच्या बाजूनेही सबळ युक्तिवाद आहेत. रक्कम सर्वांना माहीत असल्याने ती मागता येते. दहा हजार जास्त किंवा कमी असा सौदा कार्यालयात होऊ शकत नाही. अंदाजपत्रकाची पद्धत आणली तर मोजमाप करणाऱ्याच्या हाती नवा अधिकार जाईल आणि तेथे गैरव्यवहारास वाव मिळेल, ही भीती निराधार नाही. मर्यादित निधीचा प्रश्न तर उघडच आहे. १,२०० कोटी रुपयांत १,२०,००० रुपयांप्रमाणे एक लाख घरे होतात, १,५०,००० रुपयांप्रमाणे ८०,००० होतात. उरलेल्या २०,००० कुटुंबांना थांबा असे सांगणे कोणत्याही लोकनियुक्त शासनाला जड जाते.

तथापि या हिशेबात एक बाजू लिहिलीच जात नाही. एक लाख मंजूर घरांपैकी जी घरे कर्ज काढून पूर्ण होतात त्यांचा खर्च कुटुंबाने दिलेला असतो आणि जी अपूर्ण राहतात त्यांवरील सार्वजनिक खर्च फुकट जातो. ज्याच्याकडे थोडी शेती, नोकरीतील मुलगा किंवा पत असलेला नातेवाईक आहे तो घर पूर्ण करतो. विधवा, वृद्ध आणि हंगामी स्थलांतर करणारा ऊसतोड मजूर मागे पडतो. ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांतील सर्वांत दुर्बळांनाच अपुरे अनुदान अधिक बाधक ठरते.

निष्कर्ष

सुमारे शंभर वर्षांच्या या इतिहासातून असे दिसते की, मानक खर्चाचा आकडा हा तांत्रिक तपशील नसून राज्य आणि गरीब कुटुंब यांच्यातील जबाबदारीच्या वाटपाचा दस्तऐवज आहे. मुंबईच्या चाळींत खर्चाची जोखीम शासनाने अजाणता घेतली, औद्योगिक गृहनिर्माण योजनेत ती राज्य आणि मंडळे यांच्यात वाटली गेली, घरकुल योजनांत ती कुटुंबाकडे गेली. कुटुंबाला बांधकामाचे स्वातंत्र्य देणे आणि त्याच्यावर भाववाढीचा बोजा टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८५ नंतर त्या एकत्र आल्या, म्हणून एकत्रच राहिल्या पाहिजेत असे नाही.

लाभार्थीला हिशेब समजेल अशी ठोक रक्कम कायम ठेवूनही तिची दरवर्षी फेरनिश्चिती करता येईल. जिल्हानिहाय दरसूचीवरून किमान क्षेत्रफळाच्या घराचा खर्च काढून तो जाहीर करणे आणि अनुदान त्याच्या ठरावीक टक्क्यांवर बांधणे, ही १९५२ च्या तत्त्वाशी सुसंगत अशी पद्धत होईल. अनुदान पूर्ण खर्चाइतके नसले तरी चालेल. मात्र उरलेला भाग किती आहे हे शासकीय कागदावर लिहिलेले असले पाहिजे. तो आज कोठेही लिहिलेला नसतो, आणि तो फेडण्याचे काम घरकुल मिळालेले कुटुंब गृहप्रवेशानंतरही वर्षानुवर्षे करीत राहते.